सरावाचं विमान

माझी सगळी नोकरी विमानतळावर झाली, असं मी भेटेल त्याला सांगते. खोटं नाही ते. फक्त ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गुळगुळीत फरशा, काचा आणि टाय लावलेली माणसं उभी राहतात, ती मी पुसायला जात नाही. खरी गोष्ट अशी, की राजधानीच्या त्या मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या मागच्या फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला पत्र्याची एक लांबलचक शेड होती. विमानातली पांघरुणं तिथे धुवायला यायची. त्या लाँड्रीत मी इस्त्रीवरच्या बायकांची मुकादम होते. देशोदेशीच्या लोकांनी अंगावर घेतलेल्या पांघरुणांच्या घड्या घालण्यात आयुष्य गेलं, पण विमान आतून कसं असतं ते मला ठाऊक नाही. बाहेरून पाहिलंय, तेही पोटाकडून. तरी आमच्या गल्लीत कोणी परदेशी निघालं की सल्ला द्यायला मी सगळ्यांच्या आधी हजर. लोक ऐकूनही घेतात, बिचारे.

घरात आम्ही दोघी. मी आणि माझी मोठी जाऊ. दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, पाठोपाठ गेले आणि मागे दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि आम्हाला एकमेकींच्या गळ्यात ठेवून गेले. मी त्यांना वहिनी म्हणते, त्या मला धाकटे म्हणतात. साठी उलटली तरी मी धाकटीच. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून आमचं रोज वाजतं. वाजतं म्हणजे मी वाजते. वहिनी गप्प बसतात, आणि मी पाठ वळवली की खिडकी हळूच बंद करतात.

वहिनींसारखं मुखदुर्बळ माणूस मी जन्मात पाहिलं नाही. दुकानदाराने साबणाऐवजी मेणबत्त्या दिल्या तर त्या मेणबत्त्या घेऊन घरी येतील. एकदा दोन्ही चपला डाव्या पायाच्या आल्या. तर म्हणाल्या, असू दे, त्याला कशाला परत तोंड उघडून सांगायचं. वर्षभर त्याच घालून फिरल्या. बसमध्ये 'थांबवा' म्हणायचं जिवावर येतं म्हणून दुसरा कोणी उतरेल त्या थांब्यावर उतरून चालत घरी येतात. त्यामुळे दवाखान्यात, बँकेत, बाजारात, त्यांच्या वतीने तोंड माझंच चालत आलंय. आणि माझं तोंड म्हणजे काय, एकदा सुरू झालं की बंद करायची कळ कुठे आहे ते मलाही सापडत नाही.

तर या वहिनींना त्यांच्या मुलाने कायमचं आपल्याकडे बोलावलं. मुलगा परदेशात, बरीच वर्षं झाली. त्याला रजा मिळत नव्हती, म्हणजे यांनी एकटीने जायचं, आणि मधे एका विमानतळावर उतरून दुसरं विमानही पकडायचं. तो फोनवर म्हणाला, "काकू, तू सांग ना आईला, काही अवघड नसतं." मी म्हटलं, "अरे, मी विमानतळावरचीच आहे. मी समजावते." आणि वहिनींना म्हटलं, "जा हो खुशाल. मी तरी सुटेन एकदाची. खिडकी उघडी टाकून झोपेन."

हे मी रोज म्हणत होते. सकाळी चहाबरोबर एकदा आणि दिवे घालवताना एकदा. आतून मात्र माझी पार वाट लागली होती. रिकाम्या घरात भांडायचं कोणाशी? खिडकी दिवसभर उघडीच राहणार, तर तिचा उपयोग काय? पण हे तोंडाने म्हणायचं म्हणजे इतक्या वर्षांच्या भांडणांवर पाणी. मी म्हणणार नव्हते. वहिनी हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. मुलगा तिकडे तिकिटासाठी खोळंबला होता.

तेवढ्यात आमच्या लाँड्रीतल्या जुन्या लोकांना निरोप आला. विमानतळाची नवी इमारत बांधून तयार होती. ती उघडायच्या आधी खोटे प्रवासी आत सोडून सगळं चालतंय का बघायचं होतं. खोटी तिकिटं, खोट्या बॅगा, खोटी विमानं. वयस्कर माणसं जास्त हवी होती, बरोबर घरचं कोणी आणलं तरी चालणार होतं. मी उडीच मारली. वहिनींना म्हटलं, "चला, सराव होईल तुमचा." त्यांनी थोडा विचार केला आणि मुलाला फोनवर सांगितलं, "सरावाच्या दिवशी मला जमलं तर येते. नाही जमलं तर पुन्हा विषय काढू नकोस." तो म्हणाला, "बरं, आई."

मला मनातून उकळ्या फुटत होत्या. वहिनी आणि विमानतळ! पहिल्या काउंटरपाशीच त्यांची जीभ टाळ्याला चिकटणार आणि मी त्यांना हाताला धरून घरी आणणार. वर म्हणायला मोकळी, की मी तर बाई केवढे प्रयत्न केले.

नवी इमारत एवढी मोठी होती, की आमची अख्खी लाँड्री तिच्या एका बाथरूममध्ये मावली असती. ठिकठिकाणी खांबांवरचं प्लॅस्टिक अजून काढायचं होतं. रंगाचा वास होता. नारिंगी जाकीट घातलेली एक मुलगी आम्हा सगळ्यांना एकेक चिठ्ठी वाटत होती. त्या चिठ्ठीत ज्याचं त्याचं सोंग लिहिलं होतं. कोणाचं विमान चुकलेलं, कोणाचा पासपोर्ट हरवलेला, एका धडधाकट माणसाचा पाय मोडलेला. "चिठ्ठ्या आपापसांत बदलायच्या नाहीत," ती म्हणाली, "आणि लिहिलंय तसंच वागायचं."

मी माझी वाचली. 'वयस्कर महिला. गोंधळलेल्या. पहिल्यांदाच विमानतळावर. भेटेल त्या कर्मचाऱ्याला काहीतरी विचारावे. उत्तर कळले नाही तर पुन्हा विचारावे.'

मला राग आला. म्हणजे काय, मी? पहिल्यांदाच विमानतळावर? मी वहिनींच्या चिठ्ठीत डोकावले. त्यांना लिहिलं होतं, 'अनुभवी प्रवासी. एकट्या. कोणालाही काही न विचारता, केवळ पाट्या वाचून गेटपर्यंत जावे.' कोणालाही काही न विचारता! अहो, वहिनींचं सबंध आयुष्य त्यातच गेलेलं. मुक्याने पाट्या वाचत वाचत त्या बरोब्बर विमानात जाऊन बसल्या असत्या. उलट माझी चिठ्ठी त्यांच्या हातात पडली, तर पहिला प्रश्न विचारण्याआधीच त्या पांढऱ्याफटक पडणार. एका दगडात दोन पक्षी. माझा मानही राहील आणि वहिनीही राहतील.

"वहिनी, तुमची चिठ्ठी इकडे द्या," मी म्हटलं. "माझी तुम्हाला बरी पडेल. हे अनुभवाचं काम माझ्यासारखीकडेच असू दे."

वहिनींनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, काहीतरी म्हणणार असं वाटलं. मग नेहमीसारखी मुकाट्याने चिठ्ठी दिली.

एक गोष्ट मी विसरले. वहिनी बोलत नाहीत हे खरं, पण लिहिलेलं सगळं पाळतात. औषधाच्या बाटलीवर 'वापरण्यापूर्वी हलवा' असं असेल, तर बाटली रिकामी झाल्यावरसुद्धा टाकून देण्याआधी हलवतात. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा तर निदान पाय तरी नीट बघून घ्यावा ना.

चेक-इनच्या रांगेत त्या माझ्या पुढे होत्या. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "बॅग द्यायची आहे?" वहिनी गप्प. मान खाली. मी मागे उभी राहून मनात म्हटलं, झालं, चला घरी. तेवढ्यात त्यांनी चिठ्ठी उघडून वाचली, पुन्हा घडी घातली आणि शाळेत उभं करून विचारल्यासारखं एका दमात म्हणाल्या, "ही बॅग आता कुठे जाते?"

मुलीने सांगितलं, पट्ट्यावरून खाली जाते, तिथून विमानाच्या गाडीत.

"मला कळलं नाही. पुन्हा सांगा."

तिने पुन्हा सांगितलं, आणि काउंटरच्या मागे बोलावून तो पट्टा दाखवलासुद्धा. वहिनी वाकून बघत होत्या. त्यांचे कान लाल झाले होते. पण त्या परत आल्या तेव्हा जरा ताठ चालत होत्या, आणि जाता जाता तिला विचारून गेल्या, की मधे विमान बदललं तर बॅग आपली आपण घ्यायची का. हा प्रश्न चिठ्ठीत नव्हता.

मी म्हटलं, पहिल्या घासाला खडा लागला, लागू दे. पुढे तपासणी आहे, तिथे बघू.

तपासणीत माझीच शोभा झाली. अनुभवी प्रवासी म्हणून मी कोणाला न विचारता पर्स, स्वेटर, चपला आणि शिवाय हातातला बोर्डिंग पाससुद्धा ट्रेमध्ये ठेवला आणि ट्रे पट्ट्यावर ढकलला. ट्रे गेला आत. दारावरचा माणूस म्हणाला, "बोर्डिंग पास?" मी ट्रेकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "तो दाखवल्याशिवाय आत सोडता येत नाही." मी म्हटलं, "तो आतच आहे." तो म्हणाला, "तुम्ही बाहेर आहात." अशी आमची बराच वेळ प्रगती झाली नाही. मी अनवाणी, मागे रांग, आणि माझ्या चपला पलीकडे एकट्याच बाहेर पडल्या होत्या. शेजारच्या रांगेत वहिनी तिथल्या बाईला विचारत होत्या, "हे यंत्र माणसाच्या आतलं दाखवतं की वरचं वरचं?" ती बाई हसून सांगत होती. शेवटी पलीकडच्या एकाने माझा पास उचलून आणून दिला, तेव्हा कुठे मला आत सोडलं.

पासपोर्ट तपासणाऱ्या खिडकीवर तर कमालच. तिथला साहेब म्हणजे तोंडावर बारा वाजलेला. वहिनींनी त्याला विचारलं, "दिवसभर इतके चेहरे बघता, कोणाचा लक्षात राहतो का हो?" साहेबाने मान वर केली. म्हणाला, "तुमचा राहील, आजी." आणि वहिनी हसल्या. दात दिसतील असं हसल्या. घरात मी त्यांना असं हसताना शेवटचं कधी पाहिलं ते मला आठवेना.

मग मी पुढे सुटले. म्हटलं, निदान गेटवर आधी पोचून त्यांची वाट बघत बसू. पाटीवर गेटचा आकडा होता आणि शेजारी वर टोक केलेला बाण. वर म्हणजे वर. सरकता जिना घेतला आणि वर गेले. वर लांबच लांब सामसूम दालन. बंद दुकानं, प्लॅस्टिक गुंडाळलेल्या खुर्च्या, आणि बाण एकही नाही. एक नारिंगी जाकीटवाला मुलगा शिडीवरून म्हणाला, "मावशी, काही मदत हवी का?"

"नको," मी म्हटलं. "मी अनुभवी आहे."

तो शिडी घेऊन निघून गेला आणि मी आणखी पुढे चालत गेले. नाक वर करून चालणाऱ्याला पाट्या दिसत नाहीत म्हणतात. मला तर नाक खाली करूनही दिसेनात. शेवटी भिंत लागली. त्या बाणाचा अर्थ सरळ जा असा होता, हे मला नंतर कळलं. शेंबड्या पोरालाही कळतं म्हणे.

मी एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. ती कुरकुरली. तेवढ्यात छतातून आवाज आला. "अनुभवी प्रवासी या गटातील महिलेने कृपया ताबडतोब गेटवर यावे. विमान सुटण्याच्या तयारीत आहे." सगळ्या इमारतीत माझी बेअब्रू घुमत होती, आणि वर तीनदा घुमली. खोटं विमान, खोटं तिकीट, पण मला खरंच रडू आलं. चुकले म्हणून नाही. वहिनी गेटवर पोचल्या असणार, म्हणून. त्यांना जमलं होतं. आता त्या जाणार, आणि त्यांना पाठवणारी मीच. दुसऱ्याला खड्ड्यात ढकलायला गेले आणि तो खड्डा म्हणजे त्यांच्या विमानाचा जिना निघाला.

बऱ्याच वेळाने जिन्यावरून वहिनींचं डोकं वर आलं.

"सापडलीस," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना विचारत आले. निळा स्वेटर घातलेली आणि स्वतःशीच बडबडणारी बाई पाहिलीत का, म्हटलं. शिडीवाल्या मुलाने लगेच सांगितलं."

"मी हरवले नव्हते. बसले होते."

"हो, दिसतंय." त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. "मी गेटवर पोचले गं. आत सोडत होते मला. तू दिसली नाहीस म्हणून परत फिरले."

मी नाक पुसलं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "धाकटे, एक विचारते, खरं सांग. मी जावं का?"

इतक्या वर्षांत या बाईने मला एकही प्रश्न विचारला नव्हता. आणि माझं उत्तर तर महिनोन्‌महिने घोटून तयार होतं, जा हो खुशाल, सुटेन एकदाची. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"नका जाऊ," मी म्हटलं. "मला तुमच्याशिवाय राहता येणार नाही. ती खिडकी बंद ठेवा, कायमची बंद ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण जाऊ नका."

खालून कुठूनतरी ट्रॉल्यांचा आवाज येत होता.

"हे आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मी कोणाला काही विचारते का कधी?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुला मी नकोशीच झालेय. रोज उठून जा म्हणतेस. पोराला नाही म्हणवत नव्हतं आणि इथे राहायला काही कारण दिसत नव्हतं. तरी पाय निघेना. म्हणून मी आज नापास व्हायला आले होते."

"काय?"

"मला ती पाट्या वाचायची चिठ्ठी मिळाली, तेव्हा बरं वाटलं होतं. मुद्दाम चुकणार होते. तू आता आलीस ना, तशीच कुठेतरी वर येऊन बसणार होते. म्हणजे घरी जाऊन त्याला सांगता आलं असतं, बाबा रे, जमत नाही. मग तू चिठ्ठी बदललीस."

माझ्याइतकी शहाणी बाई या राजधानीत दुसरी नसेल. दोघींना एकच हवं होतं, आणि ते होऊ नये म्हणूनच जणू मी घरून निघून, दोन बस बदलून इथवर आले होते.

"मग झालं तर," मी घाईघाईने म्हटलं. "कोणाला कळणारेय? सांगा त्याला, नाही जमलं. मी साक्ष देते."

"पण जमलं ना," वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा थोडा ओशाळा झाला, पण डोळे तसेच होते, मघाशी त्या साहेबाच्या खिडकीवर होते तसे. "आणि मला आवडलं, धाकटे. विचारलं की माणसं सांगतात. एवढंच असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आता मला जायचंय. पोरासाठी म्हणून नाही. मलाच जायचंय."

त्यांनी माझा हात धरला आणि मला रडू दिलं. मी आवाज करत रडले, मला दुसऱ्या कोणत्या प्रकारे येत नाही.

थोड्या वेळाने ती चिठ्ठ्या वाटणारी मुलगी आम्हाला शोधत आली. अनुभवी प्रवासी अजून बेपत्ता असल्याने त्यांची यादी पुरी होत नव्हती. तिला वहिनींनी विचारलं, "मी पुढच्या महिन्यात इथूनच जाणार आहे, खरीखुरी. तेव्हा हिला कुठपर्यंत आत येता येईल?"

"बाहेरच्या काचेच्या दारापर्यंत," मुलगी म्हणाली. "तिकीट नसलेल्यांना पुढे सोडत नाहीत."

वहिनींनी मान हलवली. मग मला म्हणाल्या, "ऊठ. आज आत आहेस तर बघून घे."

आम्ही खाली उतरलो. त्या पुढे, मी मागे. त्यांनी मला सरळ गेटवर नेलं. तिथे आता कोणी नव्हतं, खोटं विमान आम्हाला सोडून निघून गेलं होतं. खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि समोर मोठी काच. वहिनी मधल्या रांगेतल्या एका खुर्चीवर बसल्या. "त्या दिवशी मी इथे बसेन," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुला बाहेर उभं राहून कळेल, मी कुठे आहे ते."

ती जागा मला पसंत पडली नाही. "तिथे काय अंधारात बसता? इकडे काचेजवळ बसा."

"अगं, बाहेरच्या दारातून इथलं काही दिसत नाही. मी कुठेही बसले तरी तुला दिसणार नाही."

"माहितेय मला," मी म्हटलं. "तरी इकडेच बसा."

वहिनी उठल्या आणि काचेजवळच्या खुर्चीवर येऊन बसल्या.